बोत काढलेली घोळ

रविवारी सकाळी धर्मेश बोईसरच्या मासळीबाजारात गेला तो अर्धी सुरमई आणायला, पण खरं सांगायचं तर सुरमई हे निमित्त होतं. मासे घेता घेता तो विकणारीला सहज विचारल्यासारखं विचारायचा, आज घोळ नाही का आली, आणि ती नाही म्हणाली की खिशातून फोन काढायचा. गेला दीड महिना त्याचं हेच चाललं होतं. कंपनीच्या लॅबमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दाढ दाखवायला गेला तर तिथल्या डॉक्टरकडे, कुठलंही बोलणं तो दोन वाक्यांत समुद्रावर आणायचा आणि तिसऱ्या वाक्याला फोटो दाखवायचा. फोटोत तो स्वतः होता. नारिंगी लाइफ जॅकेट, कपाळावर चिकटलेले केस, मागे राखाडी पाणी आणि दोन्ही हातांवर आडवी धरलेली बारा-तेरा किलोची घोळ. आजच्या मासेवालीने ओला हात पदराला पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मस्त हाय म्हणाली. मग भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, ‘बोत काढलेली हाय ना ही, दादा? कोणाकडून घेतली?’ धर्मेश हसला. घेतली नाही, गळाला लागली, मीच पकडली, असं म्हणाला. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, ‘असं’ म्हणाली आणि तुकडे जाड करू की पातळ ते विचारलं.

जाड, असं तो म्हणाला असावा, कारण घरी आल्यावर बायकोने, रुचिताने, पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला. त्याचं लक्ष नव्हतं. तो गॅलरीत उभा राहून फोटो मोठा करत होता, इतका की माशाचे खवले चौकोनी दिसायला लागले. बोत म्हणजे घोळीच्या पोटातली हवेची पिशवी. त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की घोळीची सगळी किंमत त्या पिशवीत. मासा बंदरात आला की व्यापारी आधी पोटाला बोटभर चीर देऊन बोत काढून घेतो, वाळवायला वेगळी ठेवतो, आणि मग उरलेली घोळ इतर चार माशांसारखी मासा म्हणून विकली जाते. म्हणजे बोत काढलेली घोळ ही बाजारातली घोळ. बोत काढून कुठली घोळ समुद्रात फिरत नाही. हे कळायला त्याची एमएस्सी लागत नव्हती. पालघरजवळच्या माहीमच्या कमलाकांत तांडेलाचा तो मुलगा. बापाने जन्मभर बोट चालवली, आईने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन पालघरचा बाजार केला. आणि तो स्वतः रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणारा. त्याच्या सहीशिवाय एक पिंप गेटबाहेर जात नव्हतं, पावडरीत चिमूटभर भेसळ असली तरी त्याला नुसत्या डोळ्यांनी संशय यायचा. मग हे पोट बसलेलं आहे, हे दीड महिना त्याला कसं दिसलं नाही? आता तर त्याला दुसरं काही दिसेना. घोळीचं पोट मधोमध खपाटीला गेलेलं, आणि जिथे ते खपाटीला गेलेलं तिथे नेमका त्याचा डावा हात. चार बोटं पोटाखाली वळलेली, आत कुठेतरी नाहीशी झालेली. तो हात तिथे कोणी ठेवला, हे त्याला आठवेना.

ती सफर त्याला रुचितानेच चिडवून चिडवून पक्की करायला लावली होती, असं तो म्हणायचा. रुचिता म्हणायची, मी चिडवत होते ते जाऊ नये म्हणून. केळव्याला सुरूच्या बागेमागे चिराग नावाच्या विरारच्या एका तरुणाने ‘सागर-शिकार सफर’ काढली होती. मुंबईहून शनिवार-रविवार येणाऱ्या लोकांना तो बोटीतून खोल पाण्यात न्यायचा, हातात परदेशी गळ द्यायचा आणि मोठा मासा लागेल याची खात्री द्यायचा. मासेमारी करणाऱ्या मांगेल्याच्या घरात जन्मलेला माणूस मासा धरायला तिकीट काढून जातो, हे आळीत कळलं तर तुला गावात फिरायची चोरी होईल, असं रुचिता म्हणाली होती. त्यावर धर्मेशने काही उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर लांबलचक होतं आणि त्याचा पहिला भाग त्याच्या बाराव्या वर्षी घडला होता. तेव्हा बाबांनी त्याला पहिल्यांदा बोटीवर नेलं. दोन दिवस तो नुसता ओकत होता. जाळं ओढायच्या वेळी खलाश्यांनी त्याला डोलकाठीच्या बुंध्याशी गोणपाटावर निजवून ठेवलं होतं आणि जाता-येता ते त्याच्यावरून पाय टाकत होते. बाबा रागावले नाहीत, हसले नाहीत, घरी येऊन कोणाला काही सांगितलंही नाही. फक्त त्यानंतर त्यांनी त्याला बोटीसाठी पहाटे कधी उठवलं नाही. शेजारच्या घरांत पोरांना हाका मारलेल्या त्याला अंथरुणात ऐकू यायच्या; त्याच्या अंथरुणाजवळून बाबांची पावलं हळू जायची, त्याची झोप मोडू नये इतकी हळू. पुढे तो शिकला, बोईसरला ब्लॉक घेतला, बाबांना हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा त्यानेच धावपळ केली. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या हळू पावलांबद्दल दोघांत एक अक्षर कधी निघालं नाही, आणि धर्मेशला अजूनही कळत नव्हतं की ती माया होती की त्याच्या नावावर मारलेली काट.

सफरीच्या दिवशीही त्याला बोट लागली. चौतीस वर्षांत समुद्राचं त्याच्याबद्दलचं मत बदललेलं नव्हतं. चिराग तोंडाने अखंड चालू होता, कुठल्या साहेबाला केवढा मासा लागला, कोण रडला, कोणी बायकोला व्हिडिओ कॉल केला. बोट चालवणारा देवू म्हणून एक केळव्याचा माणूस होता, तो मात्र पाठ करून बसला होता आणि लागेल तेवढंच बोलत होता. पाच-सहा तास काही लागलं नाही. धर्मेश कठड्यावरून खाली वाकून डोळे मिटून ओकत होता तेव्हा मागून चिराग ओरडला, सर, लागला, लागला, या लवकर, आणि कोणीतरी त्याच्या हातात गळाची काठी कोंबली. ती जड होती. ती खरोखर ओढत होती. दोरी ताठ झाली होती, काठी वाकली होती आणि पलीकडे पाण्यात काहीतरी त्याला नाही म्हणत होतं. त्या क्षणी त्याची मळमळ गेली. आपले दंड आपलेच आहेत असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग कधीतरी घोळ वर आली, हातात आली, फोटो निघाला. चिराग म्हणाला, आता तिला सोडून द्यायचं सर, परदेशात असंच करतात, पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. धर्मेशला ते फार उदात्त वाटलं. त्याने दोन्ही हातांनी घोळ पाण्यात सोडली, ती सरळ खाली गेली, आणि त्याचे डोळे भरून आले. आता गॅलरीत उभं राहून तो विचार करत होता की खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाचं पोट हवेने फुगतं आणि सोडला तरी तो उताणा तरंगतो, हे बाबांनी शंभर वेळा सांगितलेलं होतं. सरळ खाली जातो तो दगड. किंवा पोटात काही न राहिलेला मासा.

इथपर्यंत त्याला नुसता राग आला असता आणि राग आला असता तर बरं झालं असतं. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यावर ओरडता येतं. पण मध्ये आई होती. सफरीच्या संध्याकाळी तो केळव्याहून थेट माहीमला गेला होता, अंगाला डिझेलचा वास येत असताना, दारातूनच सांगत. आई, चंद्रकांता, ओटीवर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, ‘ओरडली?’ घोळ पाण्याबाहेर आली की ओरडते. बोतीतून घुमल्यासारखा आवाज काढते. जुने लोक बोटीच्या फळीला कान लावून खालच्या घोळींचा तो आवाज ऐकायचे आणि मग जाळं टाकायचे. बाबांना तो इतरांच्या आधी ऐकू यायचा, अशी त्यांची ख्याती होती. धर्मेशच्या हातातली घोळ ओरडली नव्हती. तो क्षणभरही थांबला नाही. ‘ओरडली ना,’ तो म्हणाला, ‘केवढ्याने ओरडली.’ हे कुठून आलं त्याला कळलं नाही. तोंडातून बाहेर पडलं आणि बाहेर पडल्यावर ते खरं वाटायला लागलं. परतताना गाडीवर त्याने तो आवाज जवळजवळ आठवलासुद्धा. आईने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला, बराच वेळ पाहिला. मग फोन त्याच्या हातात देऊन ‘बरं झालं’ म्हणाली आणि त्याला जेवायला वाढायला आत गेली. आठवडाभरात सगळ्या आळीला कळलं की कमलाकांतच्या धर्मेशने गळाला घोळ घेतली आणि ती ओरडली. लोकांनी फोन केले. मामेभावाने तर म्हटलं, शेवटी रक्त कुठे जातंय.

आता बोईसरच्या मासेवालीला जे भाव सांगता सांगता दिसलं, ते चाळीस वर्षं घोळी कापलेल्या बाईला दिसलं नसेल? पोटात बोत नाही म्हणजे आवाज नाही, हे तिला कळलं नसेल? गेल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्या आशेला धर्मेश तासभर लोंबकळला. पण ऑपरेशननंतर तिला इतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं की त्याच्या कानामागचे पांढरे केस तिनेच आधी दाखवले होते. मग ती गप्प का राहिली? मुलगा थाप मारतोय हे ओळखून ती ‘बरं झालं’ म्हणाली, की थाप न ओळखता म्हणाली? यांतलं कुठलं जास्त वाईट ते त्याला ठरवता येईना. ओळखलं असेल तर त्या दिवसापासून ती त्याच्याकडे कशी पाहते आहे? ओळखलं नसेल तर तो तिला अजून, या क्षणीही, फसवतो आहे. जेवताना रुचिताने विचारलं, काय झालं, आणि त्याने चिरागने फसवल्याचं सांगितलं, ओरडण्याचं सांगितलं नाही. ती म्हणाली, मग जा आणि पैसे परत घे. तिच्या लेखी प्रकरण सरळ होतं. त्याला पैसे नको होते. त्याला एवढंच हवं होतं की आईला सांगितलेली गोष्ट निदान अर्धी तरी खरी निघावी. काठी जड झाली होती. काहीतरी लागलं होतं. त्याच्या हातून सुटलं असेल आणि मग चिरागने बर्फातली घोळ पुढे केली असेल, असंही होऊ शकतं. तसं असेल तर तो आईसमोर बसून सांगू शकला असता, आये, लागलं होतं गं, पण गेलं.

दुपारी त्याने गाडी काढली. उमरोळीवरून पालघर आणि पालघरहून माहीमच्या रस्त्याला लागला तेव्हा चिरागला काय विचारायचं याची तो मनात उजळणी करत होता, आणि प्रत्येक वेळी वाक्य वेगळं होत होतं. तुम्ही मला फसवलंत, हे वाक्य त्याच्या तोंडात बसेना. त्याला ते दुसऱ्या कोणाचं वाटे. माहीमला आळीकडे वळणाऱ्या फाट्यावर त्याने गाडी हळू केली, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून हेल्मेटची काच खाली घेतली आणि सरळ पुढे गेला. स्वतःच्या गावातून असं चोरासारखं जाताना त्याला हसूही आलं. विड्याच्या पानांच्या वाड्या गेल्या, नारळी-पोफळी आल्या, आणि केळव्याच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागली.

चिरागच्या झोपडीवजा ऑफिसात चिराग एकटाच होता आणि त्याने धर्मेशला लगेच ओळखलं. अरे घोळवाले सर, असं म्हणून त्याने खुर्ची पुढे ओढली, शहाळं मागवलं. भिंतीवर फोटोच फोटो लावलेले होते, तेलकट चेहऱ्यांची हसरी माणसं, नारिंगी जॅकेटं, मोठाले मासे. त्यांत धर्मेशचा फोटो मानाने मधोमध होता. तो त्या भिंतीकडे बघत राहिला. सगळ्या फोटोंत डावा हात माशाच्या पोटाखाली होता. बँकेचा माणूस असो की कॉलेजची मुलगी, हात तिथेच. त्याला एकदम हलकं वाटलं. म्हणजे हात चिरागच ठेवायला लावतो. आपण ठेवला नव्हता. एवढं तरी कळलं. तो म्हणाला की त्या घोळीची बोत काढलेली होती, हे मला आता कळलंय. चिराग दचकला नाही. त्याने चेहरा पडू दिला नाही, नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सर तुम्ही शांत व्हा, असं तो म्हणाला, जरी धर्मेश शांतच होता. मग त्याने सारवासारव सुरू केली आणि ती इतकी गुळगुळीत होती की ती त्याने आधी बऱ्याच वेळा केलेली असणार. समुद्र कोणाच्या बापाचा नाही सर, रोज देतोच असं नाही. लोक आठवडाभर राबून येतात, बायका-पोरांना सांगून येतात. रिकाम्या हाताने कोणी किनाऱ्यावर जाऊ नये, ही आमची पद्धत आहे. यात फसवणूक कुठे आली? पुढच्या शनिवारी पुन्हा चला, माझ्यातर्फे. नाहीतर पैसे आत्ता परत करतो, नंबर सांगा. त्याने फोन हातात घेतला, पण पैसे पाठवायला नाही. धर्मेशने स्वतः लिहिलेला अभिप्राय त्याने शोधून काढला आणि मोठ्याने वाचला. ‘आयुष्यभर लक्षात राहील असा अनुभव. ज्यांना समुद्राची भीती वाटते त्यांनी जरूर यावं.’ पाच तारे. चिराग म्हणाला, सर, हे तुम्ही मनापासून लिहिलंत ना? मग ते खोटं कसं?

धर्मेशने ते मनापासून लिहिलेलं होतं. मग जे विचारायला आला होता ते त्याने विचारलं. ‘मला पैसे नको. काठी हातात दिलीत तेव्हा दुसऱ्या टोकाला काय होतं, तेवढं सांगा.’

चिरागने त्याच्याकडे नीट पाहिलं. कोणत्या उत्तराने हा माणूस समाधानाने घरी जाईल, याचा तो अंदाज घेत होता, आणि तो घेतोय हे धर्मेशला स्पष्ट दिसत होतं. मग चिरागचा चेहरा उजळला. होता सर, तो म्हणाला, मासा होता, मोठा होता, शप्पत सांगतो. तुम्ही दोरी ढिली सोडलीत आणि गेला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मग आम्ही दुसरी लावली. हेच, अगदी शब्दाला शब्द हेच धर्मेशला ऐकायचं होतं, आणि ऐकल्याबरोबर ते त्याच्या उपयोगाचं राहिलं नाही. कारण त्याच्या तोंडावर ते लिहिलेलं पाहून चिरागने ते वाचून दाखवलं होतं. याने आता शंभर वेळा खरं सांगितलं तरी ते आपल्याला कधी खरं म्हणून मिळणार नाही. तो उठला. शहाळं तसंच राहिलं.

देवू खाडीच्या बाजूला बोटीत बसून दोऱ्या गुंडाळत होता. ओहोटी होती, बोट चिखलात कलती पडली होती. धर्मेश काठावर उभा राहिला आणि काही प्रस्तावना न करता त्याने तोच प्रश्न विचारला. देवूने हातातलं काम थांबवलं नाही. ‘बोट चालू होती,’ तो म्हणाला. धर्मेशला पुढचं वाक्य ऐकायचं होतं पण पुढचं वाक्य नव्हतं. बोट पुढे चाललेली, मागे दोरीला मेलेला बारा किलोचा मासा, ओढणारच. नाही म्हणणारं पाण्यात कोणी नव्हतं, इंजिन होतं. मग देवूने मान वर केली आणि जरा अवघडून म्हणाला, ‘तुमी माहीमच्या कमलाकांतमामांचे ना? मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय.’

‘मला कसं माहीत असेल?’

‘मुंबईवाल्यांना नसतं. त्यांना सांगावं लागतं, हात तिथं धरा, चीर झाकून. तुमाला कोणी नाय सांगितलं. तुमी सोताच धरलात. मी चिरागशेटला बोललो पण, की मांगेल्याचा पोरगा हाय, त्याला कळलं, आणि तरी सांभाळून घेतलं त्याने.’ देवूच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट थोडा आदर होता, आणि तोच धर्मेशला सहन झाला नाही. बरं, असं काहीतरी पुटपुटून तो गाडीकडे आला.

गाडी चालवताना त्याची डावी बोटं क्लचवर होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता. या बोटांना चीर लागली होती का? ओलं, गार, बोटभर लांब काही? आता त्याला ते आठवत होतं, आणि आता आठवतंय ते तेव्हाचं आहे की देवूने आत्ता सांगितल्यामुळे तयार झालंय, हे सांगता येत नव्हतं. लॅबमध्ये दुसऱ्यांदा तपासायला नमुना राखून ठेवलेला असतो. इथे नमुना त्याने स्वतःच्या हातांनी समुद्रात सोडला होता. समजा, त्या बोटांना कळलं होतं. मग त्यांनी त्याला सांगितलं का नाही? की सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही? डोळे भरून आले ते मासा जिवंत सुटला म्हणून, की पुरावा बुडाला म्हणून? आईसमोर एका दमात ‘ओरडली ना’ म्हणणारा माणूस त्या क्षणी तयार झाला नव्हता, तो बोटीतच तयार झाला होता, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं इतकं नकोसं होतं की तो मोठ्याने नाही म्हणाला. हेल्मेटमध्ये स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर आदळला. चिरागवर राग धरायचा प्रयत्न त्याने अजून एकदा करून पाहिला. पण चिराग निदान भिंतीवर फोटो लावून, सगळ्यांना सारखंच फसवत होता. तो आपल्या आईला फसवत नव्हता. माहीमच्या फाट्यावर येईपर्यंत धर्मेशचं एवढं एकच ठरलं होतं की आज सांगून टाकायचं. त्याने हेल्मेटची काच वर केली आणि आळीत वळला.

आई एकटी असेल असं त्याने का गृहीत धरलं कोण जाणे. अंगणात चटईवर सुकवलेल्या जवळ्याचा ढीग होता आणि समोरासमोर बसून आई आणि शेजारची सुलूकाकी त्यातला कचरा निवडत होत्या. सुलूकाकीची नवी सून माहेराहून आली होती, ती ओट्यावर टेकून ऐकत होती. धर्मेश फाटकाशी गाडी लावत होता तेव्हा त्याला आईचा आवाज ऐकू आला. ती घोळीचंच सांगत होती. त्याने सांगितलं होतं त्याहून कितीतरी चांगलं सांगत होती. काठी कशी वाकली, त्याने पाय कसा रोवला, दोरी कशी ढिली-ताठ, ढिली-ताठ केली. हे त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. हे तिने नवऱ्याकडून, भावांकडून, सगळ्या आयुष्यातून गोळा करून मुलाच्या अंगावर घातलं होतं. आणि वर आली तशी ओरडली, ती म्हणाली. सून म्हणाली, मी कधी ऐकलं नाय घोळ ओरडताना. तेवढ्यात सुलूकाकीचं लक्ष गेलं आणि ती म्हणाली, हा बघ, आलाच, यालाच विचारू. ‘काय रे, खरंच ओरडली?’

तिघी त्याच्याकडे बघत होत्या. आई पण बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही नव्हतं ज्यावरून त्याने काही ठरवावं. आत्ता हो म्हटलं की आपला चिराग झाला, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. बाकी काही विचार करायला त्याच्यात त्राण नव्हतं. तो म्हणाला, ‘नाही ओरडली. बोत काढलेली होती. बाजारातली होती ती घोळ.’

सुलूकाकीने आईकडे पाहिलं आणि लगेच नजर जवळ्यावर आणली, आणि ती नजर आणण्याची घाई धर्मेशने पाहिली. सून आत बघायला लागली. कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. मग सुलूकाकी म्हणाली की दूध तापत ठेवलंय, आणि दोघी फाटकातून बाहेर गेल्या. जाताना सुलूकाकीने फाटक फार हळू लावलं. धर्मेश आईसमोर चटईच्या कडेला उकिडवा बसला. त्याला वाटत होतं तसं हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. आई जवळा निवडत होती. तिचे कान लाल झाले होते. ती लाजली होती. सत्तरी ओलांडलेली, भर बाजारात पुरुषांशी भाव करून आलेली त्याची आई आपल्याच अंगणात लाजून खाली बघत होती, आणि हे चिरागने केलेलं नव्हतं.

‘मला चिरागने फसवलं गं,’ तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते वाक्य ऐकवेना. आईने एक काडी उचलून बाजूला टाकली.

‘मी पयल्याच दिवशी ओळखलेलं,’ ती म्हणाली. ‘फोटो हातात घेतला तवाच.’

‘मग सगळ्यांना का सांगत बसलीस?’

‘तू सांगितलंस म्हणून.’

मग ती म्हणाली, ‘मला एकटीला सांगायचंस ना रे,’ आणि उठून दिवाबत्ती करायला आत गेली. चटईवर अर्ध्याहून जास्त जवळा निवडायचा राहिला होता. धर्मेशने थोडा पुढ्यात ओढून घेतला.